खूण न राहणारा गोळा

सोमवार, ३ नोव्हेंबर

व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवत जा. सकाळी काय केलं, संध्याकाळी काय केलं, हात किती उघडला. त्यासाठी त्यांनी एक छापील तक्ता दिलाय. तो मी फ्रीजवर चिकटवलाय आणि त्यात इमानेइतबारे बरोबरच्या खुणा करते. ही डायरी वेगळी. ही लॉन्ड्रीत एका कोटाच्या खिशात सापडली, कोरी करकरीत. कोटवाले म्हणाले, ठेवा तुम्हालाच, मला कुठे काय सुचतंय लिहायला. मलाही सुचत नाही, पण ज्याच्यापाशी कुरकुर करावी असं घरात आता कुणी नाही, म्हणून ही.

तर परिस्थिती अशी. बाबांना ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात मागे राहिला. मूठ वळते, पण अंगठा बोटापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर निभावलं असतं. बाबा सोनार आहेत. आयुष्यभर त्यांनी जे काही केलं ते अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेत केलं.

आणि माझी परिस्थिती अशी. आमचे मालक दुसऱ्या गावात नवी लॉन्ड्री काढतायत, डिसेंबरच्या मध्याला. तिथलं सगळं मी बघायचं, वरती राहायला खोली. खिडकीतून म्हणे झाडं दिसतात. मी मालकांना सांगितलं, बाबांच्या हाताला चिमटी आली की येते. चिमटी आली की ते आपलं आपण जेवतील, बटण लावतील, पाकिटातून गोळी काढतील. दिवसा शेजारच्या काकू आहेतच. नाही आली तर मी हलू शकत नाही. तसं कुणी म्हणालेलं नाही, पण म्हणायला कशाला हवं?

हेच आज धाकट्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू म्हणशील ते." लांब राहणाऱ्या माणसाला हे वाक्य फार छान जमतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, पण बाबा बाहेर कॉटवर झोपले होते. निदान डोळे तरी मिटलेले होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बाई येऊन गेल्या. वयानं माझ्याहून कितीतरी लहान, आवाज मात्र हेडमास्तरांचा. त्यांची परीक्षा सोपी आहे. कागदाचा तुकडा बाबांच्या अंगठ्यात आणि बोटात द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं आपण ओढायचा. कागद राहिला की चिमटी आली. आज तो मी ओढायच्या आधीच खाली पडला. बाबांनी तो डाव्या हातानं उचलून माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"यांना मळायला एक गोळा द्या," बाई म्हणाल्या. "ताणला जातो तो. मुलं खेळतात बघा. ओढायचा, चिमटायचा, लांबवायचा. विकतचा मागवलात तर यायला वेळ लागेल. घरी होतो. पांढरा गोंद आणि कपडे धुवायचं लिक्विड. तुम्ही तर काय, लॉन्ड्रीतच आहात!"

लॉन्ड्रीत आहे म्हणजे माझ्याकडे नळाला साबण येतो असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिला गोळा. गोळा कसला, काला. वाटीभर गोंद घेतला, त्यात लिक्विड ओतलं, ढवळलं, आणखी ओतलं. जे तयार झालं ते हाताला चिकटलं, वाटीला चिकटलं, ओट्याला चिकटलं, फक्त एकमेकांना चिकटेना. दिवसभर उभं राहून पाय दुखत होते, त्यात हे. नखांतून गोंद काढता काढता जेवण थंड झालं.

तरी नेऊन दाखवला. बाबांनी डाव्या हाताच्या बोटानं टोचून बघितला.

"हे काय?"

"तुमच्या हाताचं औषध."

"साबणाचा वास येतो." मग थोड्या वेळानं, "मी काय तान्हं बाळ आहे?"

म्हटलं, तान्हं बाळ निदान कुरकुर न करता खेळतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

लॉन्ड्रीत प्रेस करणारीची बहीण म्हणाली होती, मक्याचं पीठ आणि भांड्यांचं लिक्विड. केलं. गोळा झाला झक्क, मऊसूत, पांढराशुभ्र. बाबांच्या हातात देईपर्यंत त्याला भेगा पडल्या आणि त्यांनी मूठ वळल्यावर चुरा होऊन चादरीवर. चादर झटकली, धुतली. सुट्टीच्या दिवशीही चादर धुणारी मीच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कागद पडला.

बाई म्हणाल्या, "लिक्विडनं होत नसेल तर टाकणखार वापरा. गरम पाण्यात विरघळवा आणि थेंब थेंब गोंदात घाला. फक्त तोंडात जाऊ देऊ नका, आणि मळून झालं की हात धुवा."

टाकणखार! सगळा बाजार पालथा घालायची गरज नाही. बाबांच्या पेटीत आहे. सोनं जोडताना जोडाला लावायचा असतो तो. माझं अर्धं बालपण त्या वासात गेलंय. त्या पेटीला हात लावायची मात्र कुणाला परवानगी नव्हती, ना मला, ना धाकट्याला, ना आईला. कामाच्या मेजापाशी बसायचं तर नावच नको. "दिवा आहे, लांब व्हा," एवढंच ऐकलेलं.

बाबांना न विचारता घेणार आहे. विचारलं तर नाही म्हणतील, आणि भांडायला अंगात त्राण नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पेटीत दोन डब्या निघाल्या. दोन्ही पत्र्याच्या, दोन्हींत पांढरे खडे, कुठल्याच डबीवर काही लिहिलेलं नाही. ज्याला कळतं त्याला लिहायची गरज नसते आणि ज्याला कळत नाही त्यानं उघडायची नसते, असा बाबांचा कारभार. मी मोठी डबी घेतली. खडे कुटले, पाण्यात विरघळवले, थेंब थेंब गोंदात घालत बसले. घालतेय, ढवळतेय, घालतेय, ढवळतेय. गोंद जसाच्या तसा, फक्त रवाळ आणि पाणचट.

बाबा कॉटवरून बघत होते. म्हणाले, "कुठल्या डबीतलं?"

चोरी पकडली गेली. म्हटलं, "मोठ्या."

आणि बाबा हसायला लागले. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं आहे, त्यामुळे हसणं अर्धंच आलं, पण पोट हलत होतं. "तुरटी! तुरटी घातलीस, बये! दाढी करणार आहेस का त्याची?"

ऑगस्टपासून पहिल्यांदा हसले. मी पण हसले आणि मग हसता हसता रडायला आलं, म्हणून वाटी धुवायला आत गेले.

रविवार, १६ नोव्हेंबर

लहान डबी. आणि झाला! गोंद वाटीची कड सोडून आपणहून मध्ये गोळा व्हायला लागला. काढून मळला, तर हाताला चिकटेना. हळू ओढला की लांबच लांब जातो, झटक्यानं ओढला की कटकन तुटतो. मी पाच मिनिटं एकटीच खेळत बसले होते ओट्यापाशी, हे कुणाला सांगायला नको.

बाबांना दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला, उजव्या तळव्यात ठेवला. मूठ वळली. उघडली. निरखून पाहिलं.

"चालणार नाही."

"का?"

"खूण राहते."

खरंच होतं, बोटांचे चार खड्डे गोळ्यावर तसेच होते. म्हटलं, मग राहू देत की, दागिना थोडाच घडवायचाय? तर मान हलवतात. "खूण राहायला नको. ठेवला की सपाट झाला पाहिजे. परत कर."

सोनाराचा स्वभाव. कशावर ओरखडा दिसला की यांना चैन पडत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

या आठवड्यात दोनदा गोळा केला. एक घट्ट म्हणून नाकारला, एक सैल म्हणून. आज लॉन्ड्रीत बॉयलर बिघडला, सगळे कपडे हातानं वाफवले, घरी आले ती गुडघ्यातून वाकतच. कॉटपाशी स्टूल ओढून बसले आणि मळायला घेतलं. बाबा तिकडून सूचना देतात. "पाणी कोमट घे." "घाई करू नकोस, थेंब मुरू दे." "तळव्यानं नको, बोटांनी." "ओढ. हळू. आणखी हळू. बघ, कुठे बारीक होतंय ते बघ, तिथे तुटणार."

म्हटलं, "बाबा, व्यायाम तुम्ही करायचाय, मी नाही."

"गोळा नीट नसेल तर कसला व्यायाम?"

रोज संध्याकाळचा तास दीड तास यात जातो. आम्ही बापलेक आयुष्यात इतका वेळ समोरासमोर बसलो नव्हतो. बोलणं सगळं गोंदाचंच, पण बोलणं होतं. कधी कधी डोळा लागतो माझा बसल्या बसल्या. मग उठते तेव्हा अंगावर शाल असते. बाबा डाव्या हातानं कशी पांघरतात, देवाला ठाऊक.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज गोळा पास झाला. ठेवला की दहा मिनिटांत पसरून पोळीसारखा सपाट होतो, बोट दाबलं तर खड्डा हळूहळू भरून येतो आणि काही घडलंच नाही असा दिसतो. बाबांनी डबीत घालून उशाशी ठेवायला सांगितला. झाकण घट्ट आहे, म्हणून मी ते जरा सैलच लावलं, काकूंना उघडायला सोपं जावं.

बाबांच्या सदऱ्याची बटणं वरपर्यंत नीट लावलेली होती. काकूंना म्हटलं, तुम्ही त्यांचं किती करता हो. त्या म्हणाल्या, "मी? मी नाही गं लावली." काकूंचं हल्ली विसरणं वाढलंय. चष्मा डोक्यावर आणि शोधतायत पलंगाखाली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारीच वीज गेली म्हणून मालकांनी लवकर सोडलं. घरी आले तर बाबा झोपलेले, तोंड भिंतीकडे, आणि स्टुलावर गोळा. गोळ्याच्या कडेला सगळीकडून बारीक बारीक चिमटे काढून नक्षी केलेली होती, एकसारखी, कर्णफुलाच्या काठाला असते तशी. बघता बघता ती विरघळत गेली आणि मी चप्पल काढून, पाणी पिऊन परत येईपर्यंत पोळी पुन्हा सपाट.

काकूंना जरा बोलले मी. म्हटलं, त्यांच्या व्यायामाची वस्तू आहे, तुम्ही खेळत बसलात तर ती खराब होते, मला पुन्हा करावी लागते. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "मी कशाला खेळू त्या चिकट्याशी? मला काय दुसरे उद्योग नाहीत?" आणि गेल्या तरातरा. उद्या शिरा करून नेऊन द्यावा लागणार, नाहीतर गुरुवारी बाबांजवळ बसायला कुणी नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तिला कशाला बोलतेस?" म्हणजे जागे होते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

कागद पडला.

या वेळी मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. अंगठा बोटापर्यंत आला, कागदाला टेकला आणि मग सुटला. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला, दोनदा पाहिला.

"इथे चांगलं भरून आलंय," त्या म्हणाल्या. "हा हात रोज काम करणाऱ्याचा वाटतो. मग कागद का सुटतो, मला काही कळत नाही. आजोबा, तुम्हाला कळतं का?"

बाबा म्हणाले, "तुम्ही डॉक्टर. मला काय कळणार?"

बाई जाताना दाराशी मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुठे जाणार आहात का?" म्हटलं, यांचा हात आला तर. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि सँडलचा पट्टा लावत बराच वेळ वाकून राहिल्या. विचित्रच बाई आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज लिहायला लाज वाटतेय, तरी लिहिते.

मालकांनी सकाळी बोलावलं. पुढच्या शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगा, ते म्हणाले, नाहीतर दुसरी कुणीतरी बघतो. प्रेमानंच म्हणाले. चहा पण पाजला. मी पुन्हा काउंटरवर येऊन उभी राहिले आणि एका लग्नाच्या शेरवानीवरचा हळदीचा डाग बघत होते, तेव्हा कळलं की उत्तर मला माहीत आहे. नाही. मी इथेच. ही वाफ, हा काउंटर, संध्याकाळी गोंद. झाडांची खिडकी दुसरीला मिळेल.

घरी आले. बाबा म्हणाले, "गोळा घट्ट झालाय. नवा कर."

आणि माझा तोल गेला. काय काय बोलले मी! म्हटलं, "घट्ट नाही, सैल नाही, खूण नको, वास नको! तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये बाबा. इतकी मरमर करतेय मी, आणि तुम्ही एक कागद धरत नाही! नाही धरायचा ना? नका धरू! मी नाही जात कुठे. सांगून टाकते मालकांना. त्या खोलीची खिडकी बंद झाली एकदाची. झालं समाधान?"

डबी आपटली मी. झाकण उडून कॉटखाली गेलं.

बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही, कसले मालक, कुठली खोली. मी कधी त्यांना सांगितलेलंच नव्हतं. रागाच्या भरात आपण काय बोलतो याचा समोरच्याला पत्ता लागत नाही, तेही एक बरंच.

जेवले नाहीत. मीही नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी उशिरा उठले. डोकं जड. बाबा कॉटवर नव्हते. बघते तर समोरच्या खोलीत कामाच्या मेजापाशी बसलेले, बटणं लावलेला सदरा घालून. एकटे गेले होते भिंतीला धरून.

"ये, बस," म्हणाले.

"कुठे?"

"इथे. माझ्या जागेवर." आणि स्वतः सरकून बाजूच्या स्टुलावर बसले.

मी उभीच. त्या जागेवर मी चाळीस वर्षांत बसले नव्हते. मग बसले. मेज खूप खाली आहे, मला वाटायचं उंच असेल.

त्यांनी खण उघडायला लावला. आत कागदाच्या पुडीत माझी साखळी होती, कॉलेजात असताना तुटलेली. "उद्या करून देतो," म्हणाले होते तेव्हा. लोकांची कामं आधी आणि घरचं उद्या. मी ती कधीच विसरून गेले होते.

"जोड," म्हणाले.

"मी? बाबा, मला कुठे येतंय?"

"येतं. गोळा ओढताना बघितलंय मी. हात घाई करत नाही तुझा. तोंड करतं."

मग दिवा लावला. तुटलेली कडी कोळशाच्या तुकड्यावर ठेवली, कडीची दोन टोकं चिमट्यानं एकमेकांसमोर आणली. लहान डबीतला टाकणखार पाण्यात घासून ब्रशनं लावला, त्यावर झाळीचा, म्हणजे वितळून जोड सांधणाऱ्या धातूचा, कण, तिळाहून लहान. फुंकणी तोंडात धरली. बाबांच्या ओठांना आता फुंकर धरत नाही, म्हणून ती मलाच मारायची. ते नुसतं सांगत होते. "लांबून. सगळ्या कडीला ऊब दे आधी. अजून नाही. अजून नाही. टाकणखार फुगेल, घाबरू नकोस, बसेल तो. आता जवळ आण. आता!"

कण चमकला आणि पाण्यासारखा फटीत शिरला. मी फुंकणी बाजूला केली.

"हां," बाबा म्हणाले.

एवढंच. पण आयुष्यात त्यांनी लोकांच्या दागिन्यांना "हां" म्हटलेलं ऐकलंय, मला कधी नाही. मी साखळी थंड व्हायची वाट बघितली आणि उचलायला गेले तर ती येईना. जरा ओढली. येईना. मला वाटलं मेजाच्या फटीत अडकली. बघते तर, जोडावर भार येऊ नये म्हणून साखळीचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. डाव्या हातात दिवा होता. साखळी उजव्या हातात, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, तुमचा हात."

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढली. सुटेना.

"सोडा ना आता," मी म्हटलं. मी रडत होते की हसत होते, आठवत नाही.

ते साखळीकडेच बघत होते. मग म्हणाले, "हळू ओढ. झटका देऊ नकोस." आणि बोटं एकेक करून उघडली.

बुधवार, ३ डिसेंबर

कागद फाटला! सुटला नाही, फाटला! अर्धा माझ्या हातात, अर्धा बाबांच्या चिमटीत. मी टाळ्या वाजवल्या, काकू धावत आल्या, त्यांनीही वाजवल्या. शिरा कामाला आला म्हणायचा.

बाई म्हणाल्या, "एका आठवड्यात असं होत नाही हं, आजोबा." बाबा म्हणाले, "हिचा गोळा चांगला आहे." मी बाईंना प्रमाण लिहून दिलं, वाटीभर गोंदाला किती टाकणखार, पाणी किती कोमट, सगळं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि बाबांच्या हातावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या थोडा वेळ. अशा वेळी डॉक्टरांनाही भरून येत असेल.

मालकांना कळवलं. हो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

उद्या निघायचं. दोन बॅगा आणि एक पिशवी. पिशवीत बाबांनी फुंकणी घातली, लहान डबी घातली आणि एक चिमटा. म्हटलं, तिकडे मी काय करू याचं? म्हणाले, "लोकांच्या कपड्यांत तुटक्या साखळ्या येत नाहीत का?" येतात. दर आठवड्याला येतात.

काकूंना किल्ली दिली, औषधं दाखवली. म्हटलं, बटणं आता ते लावतात, तुम्ही नका त्रास घेऊ. काकू म्हणाल्या, "अगं, ते तर कधीपासून आपले आपण लावतायत. मी म्हटलं नव्हतं का तुला?"

म्हणाल्या होत्या खऱ्या. मी सदऱ्यांच्या घड्या करत होते. एक सदरा हातात तसाच राहिला. मग घडी पुरी केली. या गोष्टीचा विचार करायला बसले तर उद्याची गाडी चुकेल, आणि ती चुकू नये म्हणूनच कुणीतरी साखळी धरली होती.

संध्याकाळी बाबांची हाक. डबी पुढे केली.

"घट्ट झालाय. चालणार नाही. जायच्या आधी एक करून जा."

मी स्टूल ओढलं, गोंद घेतला, पाणी कोमट केलं. बाबा बघत होते. एकही सूचना दिली नाही त्यांनी, आणि मीही मुळीच घाई केली नाही. गोळा सुंदर आला, हवा तसा, ठेवला की सपाट होणारा. मग त्यांनी पाणी मागितलं म्हणून उठले आणि ओट्यापाशी त्यात टाकणखाराचे आणखी चार थेंब मुरवले. सकाळपर्यंत चांगला घट्ट होईल. बोटांच्या खुणा राहतील.

दर रविवारी येऊन बघेन.